मूर्तिजापूरचा फलाट

माझे वडील मूर्तिजापूर स्टेशनावर माल विभागात कारकून होते. मुंबईहून नागपूरकडे जाणारी मोठी लाइन मूर्तिजापुरातून जाते. तिच्या एका अंगाला यवतमाळपर्यंत आणि दुसऱ्या अंगाला अचलपूरपर्यंत शकुंतला नावाच्या छोट्या गाडीचे रूळ गेलेले. मोठ्या लाइनचे रूळ एकमेकांपासून साडेपाच फुटांवर, शकुंतलेचे अडीच फुटांवर. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढायची सोयच नव्हती. त्यामुळे दारव्हा, कारंजाकडून आलेला माल मूर्तिजापूरला उतरवायचा आणि मोठ्या लाइनच्या वॅगनमध्ये पुन्हा भरायचा, हे काम इंग्रजांच्या काळापासून चाललेलं. वऱ्हाडचा कापूस याच वाटेने मुंबईला गेला.

शकुंतला ताशी वीसेक किलोमीटरने चाले. तिच्या चालीवरून लोक थट्टा करत, ती बाबांना आवडत नसे. मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन फलाटावर जायची, तेव्हा ते गाठींच्या राशीकडे बोट दाखवून म्हणायचे, "गाडी किती पयते ते मले नको सांगू. फलाटावर हमाल किती हायत ते सांग." मोठ्या लाइनची मालगाडी वाऱ्यासारखी आली तरी गाठी फलाटावरच पडून असल्या तर मुंबईला काय पोचणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पुढे मी अमरावतीच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची पदविका केली आणि १९८७ साली संगणक दुरुस्तीच्या नोकरीला लागले. अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, परतवाडा, खामगाव एवढा टापू माझ्याकडे होता. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, दहा-बारा फ्लॉपी आणि एसटीचं वेळापत्रक. पस्तीसेक वर्षं मी डिस्क, केबल आणि कार्डं हाताळली. डिस्क किती वेगवान आहे हा प्रश्न मला रोज विचारला गेला, आणि त्याचं उत्तर प्रत्येक वेळी मला मूर्तिजापूरच्या फलाटावरच सापडलं. खोक्यावर छापलेला वेग रुळांचा असतो. काम किती वेगाने होणार हे माल जिथे हात बदलतो तिथे ठरतं. जुन्या डिस्कचा सगळा इतिहास हा त्या हातबदलाचा इतिहास आहे, आणि वऱ्हाडात तो मी जवळून पाहिला म्हणून लिहिते आहे.

सुरुवात अमेरिकेत झाली. ॲलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांच्या कंपनीने, जी पुढे सीगेट झाली, १९८० साली एसटी-५०६ नावाची ५ एमबीची डिस्क काढली. १९८३ च्या आयबीएम एक्सटीत तिचीच मोठी बहीण एसटी-४१२ बसली, १० एमबीची. त्या डिस्कला संगणकाशी जोडण्याची जी रीत होती तीच पुढे सगळ्या जगाची झाली. एक ३४ पिनांची पट्टी हुकूम द्यायला, दुसरी २० पिनांची माल न्यायला, आणि मधे एक भलंमोठं कंट्रोलर कार्ड. आपल्याकडे १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने नवं संगणक धोरण जाहीर केलं, तशी देशी कंपन्यांची एक्सटी यंत्रं जिल्ह्याच्या गावांपर्यंत यायला लागली. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ निघालं होतं, बडनेऱ्याला आणि शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालयं त्याच साली सुरू झाली होती. पतसंस्था, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, छापखाने यांच्याकडे हळूहळू एकेक यंत्र दिसू लागलं. त्यांतल्या बऱ्याच डिस्क एकाच जातीच्या, सीगेटच्या एसटी-२२५. नाव २० एमबी. आकार विटेएवढा, आवाज पिठाच्या गिरणीचा.

या जोडणीचा छापील वेग सेकंदाला ५० लाख बिट. आठाने भागलं की ६२५ केबी. आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला हा आकडा समजावणं मला कधी जड गेलं नाही. शंभर किलो कापूस जिनात टाकला तर रुई निघते चौतीस-पस्तीस किलो, बाकी सरकी. ६२५ हा सरकीसकट कापूस आहे. डिस्कची तबकडी सेकंदाला ६० फेऱ्या घेते, एका फेरीत एका पट्ट्यावर १०,४१६ बाइटांची जागा वाचणाऱ्या डोक्याखालून जाते. पण त्यातली बरीच जागा खुणा, मोकळी अंतरं आणि पत्ते यांत जाते. कामाचे उरतात १७ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे ८,७०४. गुणिले ६०, झाले ५१० केबी. आणि हे ५१० सुद्धा हाती येत नव्हते.

का येत नव्हते ते मला १९८९ साली अमरावतीतल्या एका पतसंस्थेत नीट कळलं. त्यांच्याकडे २८६ यंत्र होतं. सहामाही व्याज आकारणीचं काम संध्याकाळी लावायचं आणि सकाळी पाहायचं, असा त्यांचा रिवाज झाला होता. सचिवांनी मला बोलावलं ते नव्या डिस्कची किंमत विचारायला. मी आधी कोरटेस्ट नावाचा छोटा प्रोग्राम फ्लॉपीवरून चालवला. पडद्यावर आकडा आला, सेकंदाला २८ केबी. ६२५ कुठे आणि २८ कुठे!

डिस्क चांगली होती. घोळ होता सेक्टरांच्या क्रमात. तबकडीवर १ ते १७ सेक्टर ओळीने एकापुढे एक आखले होते. ज्याने आखले त्याला वाटलं असणार की सरळ क्रम म्हणजे सगळ्यात जलद. आता पंगत डोळ्यांपुढे आणा. वाढपी थांबत नाहीत, ओळीने निघून जातात. भातवाला आला, तुम्ही भात घेतला. तो तोंडात आहे तोवर वरणवाला पुढे गेला. आता त्याची अख्खी फेरी होऊन तो परत येईपर्यंत हात आखडून बसा. डिस्कचं अगदी तसंच. कार्डाने पहिला सेक्टर उचलला, तो मेमरीत पोचवेपर्यंत दुसरा सेक्टर डोक्याखालून निघून गेलेला. एका सेक्टरसाठी एक पूर्ण फेरी, जवळजवळ १७ मिलिसेकंद. सतरा सेक्टरांसाठी अठरा फेऱ्या. हिशेब केलात तर बरोबर सेकंदाला २८ केबी येतात.

यावरचा उपाय म्हणजे वरणवाल्याला भातवाल्याच्या पाठोपाठ न सोडता मधे दोघांना घालणं. सेक्टर एक, मग दोन जागा सोडून सेक्टर दोन, मग आणखी दोन सोडून तीन. याला आम्ही तीनास एक इंटरलीव्ह म्हणायचो. तीन फेऱ्यांत सगळा पट्टा वाचून होतो. मूळ एक्सटी त्याहून सावकाश, तिला सहास एक लागायचं. हा आकडा यंत्र पाहून, मोजून ठरवावा लागे, तो छापील कुठेच मिळत नसे.

मी त्यांचा सगळा डेटा फ्लॉप्यांवर काढला, दोनदा काढला. मग लो लेव्हल फॉरमॅट. एक्सटीत त्यासाठी डीबग उघडून जी=सी८००:५ एवढं टाइप केलं की कार्डाच्या पोटातला प्रोग्राम जागा व्हायचा; या २८६ साठी माझ्याकडे वेगळी फ्लॉपी होती. डिस्कच्या झाकणावर कारखान्यातून चिकटवून आलेली खराब पट्ट्यांची यादी असते. ती पाहून एकेक नंबर हाताने भरायचा, एक चुकला तरी पुढे कुणाचं तरी खातं त्या खड्ड्यात जाणार. इंटरलीव्ह विचारल्यावर मी ३ टाकला. तासाभराने कोरटेस्ट पुन्हा चालवला, आकडा १७०. त्या रात्री आकारणी जेवणाच्या वेळेआधी संपली. सचिव दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काऊन ताई, रातोरात नवी डिस्क बसवली काय?" मी म्हटलं, "नाही भाऊ, डिस्क तीच आहे. फलाटावरचे हमाल फक्त नीट उभे केले."

ते वाक्य बाबांना कळवायला मी मूर्तिजापूरला पत्र टाकलं होतं.

हे काम पुढे स्पिनराइटसारखे प्रोग्राम आपोआप करू लागले, डेटा न पुसता. पण मला अजून वाटतं की त्या चार-पाच वर्षांत ज्यांनी हाताने इंटरलीव्ह लावला त्यांना डिस्क कळली, तशी ती नंतरच्या कुणाला कळली नाही. नंतर ते कळायची गरजच उरली नाही, हेही तितकंच खरं.

दुसरी गोष्ट अकोल्याची आणि ती वेगाची नाही असं प्रथम वाटेल. मे महिना, पारा ४५ च्या वर. एका कार्यालयातलं यंत्र सकाळी नीट चाले आणि दुपारी दोनच्या पुढे फायली सापडेनात. एकेक सेक्टर पाच-पाच, दहा-दहा वेळा वाचायचा प्रयत्न व्हायचा, डिस्क कडकड वाजायची, काम बैलगाडीच्या चालीवर यायचं. एसटी-२२५ मध्ये डोकं पुढेमागे नेणारी मोटर ठरावीक पावलांनी चालते. पट्टा कुठे आहे हे ती पाहत नाही, पावलं मोजते आणि थांबते. सकाळी थंड तबकडीवर आखलेला पट्टा दुपारी धातू तापून प्रसरण पावल्यावर जागेवरून केसभर सरकतो. पाऊल त्याच जागी पडतं, पट्टा मात्र तिथे नसतो. कूलर होता, पण तो साहेबांच्या खोलीत.

मी दुपारी तीन वाजता, झाकण बंद करून, यंत्र तासभर तापवून मग डिस्क फॉरमॅट केली. दुपारच्या तक्रारी थांबल्या. डिसेंबरात फोन आला की आता सकाळी दहाला चुका येतात. तेव्हा सांगितलं, थंडीच्या दिवसांत अर्धा तास आधी चालू ठेवा, मग काम सुरू करा. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोल्यांत हा प्रश्न इतका कुणाला पडला नसेल. वेगाचे तक्ते पंचवीस अंशांच्या हवेत मोजलेले असतात, अकोल्याचा मे महिना त्यात धरलेला नसतो.

तक्त्यात न बसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे एसटी बस.

माझी नणंद अकोल्यात जठारपेठेत डीटीपी करायची. दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका, श्रीलिपीत मजकूर आणि पेजमेकरमध्ये पानं. छपाई बहुतेक अमरावतीत. १९९३-९४ च्या सुमारास एका दिवाळी अंकाचा सगळा ऐवज तिने दहा फ्लॉप्यांवर पाठवला होता. साडेतीन इंची फ्लॉपी १.४४ एमबीची. ती सेकंदाला पाच फेऱ्या घेते, दोन बाजूंचे मिळून १६० पट्टे, म्हणून आकाश कोसळलं तरी पूर्ण फ्लॉपी ३२ सेकंदांच्या आत वाचली जात नाही. प्रत्यक्षात मिनिट धरा. लिहून तपासायला त्याहून जास्त. मोठी फाइल एआरजे वापरून तुकडे करून भरायची, आणि दहापैकी आठव्या फ्लॉपीने दगा दिला की बाकीच्या नऊ असून नसून सारख्या.

तेव्हा कुणीतरी सुचवलं की एसटीडीवर मोडेम लावून फायली पाठवाव्यात, बसच्या धक्क्यांत फ्लॉप्या कशाला न्यायच्या. आम्ही दोघी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. दहा फ्लॉप्या म्हणजे साधारण १ कोटी ४७ लाख बाइट. २४०० चा मोडेम सेकंदाला २४० बाइट नेणार, म्हणजे सतरा तास. ९६०० चा मोडेम असला आणि ओळ एकदाही तुटली नाही, तर सव्वाचार तास. रात्री अकरानंतर पाव दर असायचा, तरी सव्वाचार तासांचं एसटीडी बिल नणंदेच्या अंकाच्या मजुरीला गिळून बसलं असतं. अकोला ते अमरावती बस अडीच तासांत पोचते. त्या दहा फ्लॉप्यांना ९,००० सेकंदांनी भागा, सेकंदाला १,६०० बाइटांहून जास्त पडतात. कंडक्टरच्या तिकिटात या दोन्ही मोडेमांपेक्षा वरचढ वेग मिळत होता.

तरी एसटीचा दोष एकच, आठवी फ्लॉपी वाचली नाही हे अमरावतीत कळतं आणि दुसरी आणायला पुन्हा अकोला. म्हणून आम्ही प्रत्येक फ्लॉपीच्या दोन प्रती करायला लागलो. काम दुप्पट झालं, पण खेप वाया जाणं थांबलं. डब्याला कापडी पिशवी, पिशवी मांडीवर, खिडकीच्या उन्हाला पाठ करून. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा. त्या पिशवीतून वऱ्हाडातले किती कवी पहिल्यांदा छापले गेले याची मोजदाद कुणी केलेली नाही.

डिस्क जोडायच्या दुसऱ्या एका रीतीबद्दल, स्कझीबद्दल, थोडक्यात सांगते, कारण आमच्या टापूत ती थोडीच होती. छापखान्यातले स्कॅनर आणि महाविद्यालयातले नॉव्हेलचे सर्व्हर, एवढंच तिचं राज्य. १९८६ च्या मानकात तिचा वेग सेकंदाला ५ एमबी, पुढे १०, २०, ४०, शेवटी ३२० पर्यंत गेला. हा आकडा साऱ्या मार्गाचा, एका डिस्कचा नव्हे. एका डिस्कला त्या वेळी सेकंदाला एक-दीड एमबी जमलं तरी पुष्कळ. स्कझीची खरी हुशारी अशी की एक डिस्क डोकं हलवत असेल तोवर ती मार्ग सोडून देते आणि दुसरी तो वापरते. सर्व्हरवर वीस मुलं एकदम बसली की त्याचा फरक डोळ्यांना दिसायचा. शेवटच्या टोकाला टर्मिनेटर लावायला विसरलं तर मात्र दिवसभर शोधत बसा.

सामान्य माणसाच्या घरी आली ती आयडीई. वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांनी १९८६ च्या आसपास कार्डातली बुद्धी डिस्कच्या अंगावरच बसवली. डिस्क आणि तिचं कार्ड यांची जोडी कारखान्यातच जुळून येऊ लागली, इंटरलीव्हचा प्रश्नच संपला. यंत्रात राहिली फक्त ४० पिनांची एक पट्टी, कडेला लाल रेघ, लाल रेघ एक नंबरच्या पिनेला. १९९४ साली तिचं मानक झालं. सुरुवातीला ३.३ एमबी, मग ८.३, मग १६.६. या सगळ्या पीआयओ पद्धती, म्हणजे प्रत्येक गाठ प्रोसेसरने स्वतःच्या हाताने उचलायची. स्टेशन मास्तरनेच हमाली करायची म्हटल्यावर बाकी कारभार कोण पाहणार? डीएमए आलं तेव्हा मास्तर मोकळा झाला. त्यातल्या अल्ट्रा डीएमएने वेग ३३, ६६, १००, १३३ असा चढत गेला. ६६ पासून पट्टीतल्या तारा ८० झाल्या. पिना ४० च, वाढलेल्या चाळीस तारा नुसत्या जमिनीच्या, शेजारच्या तारेचा आवाज तारेत जाऊ नये म्हणून. निळं टोक बोर्डाला, काळं मास्टरला, करडं स्लेव्हला.

हे सगळं सांगायचं कारण एक उंदीर आहे. २००५ नंतर काही वर्षं आपल्याकडे भारनियमन कसं होतं ते ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. अकोल्याच्या एका छापखान्यात ८० जीबीची डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवायची होती. दोन भारनियमनांच्या मधे चार तास वीज. यूपीएस पंधरा मिनिटांचा. डिस्कवर छापलेलं १००. अशी डिस्क प्रत्यक्षात सेकंदाला तीस-चाळीस एमबी देते, तीसनेही पाऊण तासात काम व्हायला हवं. पडद्यावर वेग दिसत होता ३. म्हणजे साडेसात तास. माउसचा बाण अडखळत चालत होता, तिथेच मला शंका आली. डिव्हाइस मॅनेजर उघडला. विंडोज एक्सपीने त्या डिस्कला पीआयओवर उतरवलं होतं. पट्टीवरून येणाऱ्या मालात सहा वेळा चूक सापडली की एक्सपी वेग उतरवत नेते आणि पुन्हा आपणहून वर चढवत नाही, ही तिची रीत. पट्टी काढून उजेडात धरली. मधोमध, घडीच्या जागी, उंदराने कुरतडलेलं. तार तुटली नव्हती, वरचं आवरण गेलं होतं आणि तांबं दिसत होतं.

नवी ८० तारांची पट्टी लावली, डिव्हाइस मॅनेजरमधून ते चॅनेल काढून टाकलं, यंत्र पुन्हा सुरू केलं. वेग ३२. पन्नास मिनिटांत काम झालं आणि वीज जायला अजून अवकाश होता. मालक म्हणाले, "ताई, डिस्क फास्ट निघाली बाप्पा." डिस्क तशीच होती. आमच्या भागात वेग ही चैन कधीच नव्हती. वीज आहे तेवढ्यात काम उरकलं तर उरकलं, नाहीतर अर्धी उतरलेली डिस्क आणि काळोख.

२००३ मध्ये साटा आली आणि रुंद पट्ट्या संपल्या. सोळा तारांनी शेजारी शेजारी माल नेणं बंद झालं आणि सात तारांच्या बारीक केबलमधून बिट एकामागे एक धावू लागले, तरी वेग १५० एमबी, मग ३००, मग ६००. लोकांना हे उलटं वाटायचं. मी त्यांना सांगायची, सोळा हमालांनी एका ओळीत पाऊल जुळवून चालायचं ठरवलं तर सगळ्यात संथ माणसाच्या चालीने सगळे चालतात. चाल वाढवली की ओळ मोडते. एकटा धावणारा सुटतो. यूएसबीचीही तीच कथा. पहिली यूएसबी सेकंदाला १२ मेगाबिट, हाती जेमतेम १ एमबी. १२८ एमबीचा पेन ड्राइव्ह भरायला दोन मिनिटांहून जास्त. दुसरीवर ४८० छापलेलं, हाती तीस-पस्तीस. पुन्हा सरकी आणि रुई.

नणंदेची पिशवी मात्र तेव्हाही चालू होती, फक्त आत फ्लॉप्यांऐवजी डिस्क आली होती. २००५ मध्ये बीएसएनएलचं २५६ केबीपीएस ब्रॉडबँड आलं. ८० जीबी त्याच्यावरून पाठवायला २९ दिवस लागले असते. बसने अडीच तास. सेकंदाला जवळजवळ ९ एमबी. आज फायबरने ते सगळं घरबसल्या जातं, आणि रस्त्याचं म्हणाल तर २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. रस्ता असा झाला तेव्हा त्यावरून डिस्क नेणारं कुणी उरलं नव्हतं. शकुंतलाही आता बंद आहे. वाफेचं इंजिन १९९४ मध्येच गेलं, नंतर डिझेलवर चालली, मग थांबली.

माझं दुकान मी बंद केलं, पण घरी एक टेबल अजून मांडलेलं आहे. एक जुनं ४८६, दोन्ही आकारांचे फ्लॉपी ड्राइव्ह, आयडीईला यूएसबी जोडणारा अडॉप्टर आणि तीन जुनी कंट्रोलर कार्डं. महिन्यातून दोन-तीन जण येतात. एकाकडे वडिलांचा प्रबंध, एकीकडे बंद पडलेल्या साप्ताहिकाचे आठ वर्षांचे अंक, एका गावाच्या पतसंस्थेच्या खतावण्या. बरेचसे श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत, नुसतं उघडून वाचता येत नाही, पण आधी डिस्कवरून उतरले तर पुढचं पाहता येतं.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगते. माळ्यावर, कपाटाच्या तळाशी अशी डिस्क असेल तर ती काढा. ४० पिनांची ४० जीबीची डिस्क असेल तर अडॉप्टरने अर्ध्या तासात उतरते. ती चालू झालीच तर आत काय आहे ते पाहत बसू नका, आधी सगळी प्रत काढा, कारण जुनी डिस्क पुन्हा फिरेलच असं नाही. दोन पट्ट्यांची, विटेएवढी जड असेल तर तिचं कार्ड फेकू नका, डिस्कसोबतच बांधून ठेवा. ज्या जातीच्या कार्डावर ती फॉरमॅट झाली त्या जातीच्या कार्डाशिवाय ती सहसा वाचली जात नाही. फ्लॉप्या असतील तर त्यांना आणखी एक उन्हाळा दाखवू नका. आणि कुणाकडे घेऊन जाल तेव्हा पिशवी मांडीवर ठेवा, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत नको.